चाकातला जागल्या

मध्यंतरी, कार्तिक संपता संपता, सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे नोएडाला आल्या होत्या. एकदा वृंदावन डोळे भरून पाहावे, ही त्यांची फार दिवसांची इच्छा. रविवारी पहाटे दशम्या-चटणीचे डबे भरले, चहाचा थर्मास घेतला आणि हे, मी, सासूबाई आणि आमची दहावीतली कन्या असे चौघे यमुना एक्स्प्रेसवेने निघालो. हा रस्ता ग्रेटर नोएडापासून आग्र्यापर्यंत १६५ किलोमीटर. ऑगस्ट २०१२ मध्ये तो वाहतुकीला खुला झाला. काँक्रीटचा, सरळसोट, वळण म्हणून नाही. गाडी शंभरच्या काट्यावर ठेवून माणूस गप्पांत रमून जावा, असा.

जेवरचा टोलनाका मागे पडला आणि डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. घोड्याच्या नालाला खाली दातेरी कडा असावी आणि मध्ये उद्गारचिन्ह उभे असावे, असे त्याचे चित्र. पडद्यावर चारही चाकांचे आकडे होते. तिघांपुढे ३३, मागच्या डाव्या चाकापुढे २५.

पहिल्या धाब्यापाशी गाडी थांबवली. शेजारीच पंक्चरवाला होता. त्याने मागच्या डाव्या चाकाला गेज लावून पाहिले, तर हवा चोख ३३ पौंड. साबणाचे पाणी लावून पाहिले, बुडबुडा नाही. समाधानासाठी त्याने आणखी दोन पौंड हवा भरली आणि म्हणाला, “मशीन खराब है जी, टायर एकदम ठीक है.” आम्हालाही तेच हवे होते. दिवा लागलेलाच राहिला, आणि आम्ही त्याच्याकडे बघणे सोडून दिले.

मथुरेचा टोलनाका यायच्या थोडे अलीकडे गाडी उजवीकडे ओढू लागली. यांना वाटले, वारा असेल. मागून सासूबाई म्हणाल्या, “अरे, रबर जळाल्यासारखा वास येतोय कसला?” डाव्या कडेला गाडी घेऊन उतरलो. पुढचे उजवे चाक जवळजवळ बसलेले होते. हात लावला, तर चटका बसला. टायरमध्ये एक स्क्रू रुतून बसला होता आणि हळूहळू हवा जात होती. तशा चाकावर आम्ही पाऊण तास शंभरच्या वेगाने चाललो होतो. पुढे गॅरेजमध्ये टायर उतरवला, तेव्हा आतल्या बाजूने रबराचा चुरा निघाला. हा टायर आणखी दहा-पंधरा किलोमीटरही टिकला नसता, असे मेकॅनिक म्हणाला.

स्टेपनी लावून वृंदावन झाले. सासूबाईंनी बांकेबिहारीला हात जोडले तेव्हा माझे लक्ष देवाकडे नव्हते. मनात एकच कोडे घोळत होते. दिवा लागला तो खोटा म्हणावा, तर एका चाकात खरोखरच हवा कमी होती. खरा म्हणावा, तर त्याने दाखवलेले चाक ठणठणीत होते. मग त्याला नेमके सांगायचे होते तरी काय?

दिवा बोलतो कसा?

या कोड्याचे उत्तर मिळाले आमच्याच सोसायटीत. दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालेले एक मराठी अभियंते शेजारच्या इमारतीत राहतात. सगळी सोसायटी त्यांना काका म्हणते. आयुष्यभर तारा आणि लहरी यांच्याशी झटापट केलेला माणूस. गणेशोत्सवात माइक बंद पडला की धाव त्यांच्याकडेच.

काकांनी आधी यंत्रणा समजावली. टायरमधील हवेवर नजर ठेवण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिलीत प्रत्येक चाकाच्या आत, हवा भरण्याच्या व्हॉल्व्हला जोडून, काड्यापेटीहून लहान अशी डबी बसवलेली असते. तिच्यात दाब मोजणारा सेन्सर, तापमान मोजणारा सेन्सर, एक इवलेसे रेडिओ प्रक्षेपक आणि नाण्यासारखी लिथियमची बॅटरी असते. गाडी धावू लागली की डबी जागी होते आणि ठरावीक वेळाने आपला आकडा बिनतारी संदेशाने गाडीला कळवते. आपल्याकडच्या आणि युरोपातल्या गाड्यांत हा संदेश साधारण ४३३ मेगाहर्ट्झवर जातो, अमेरिकेत ३१५ वर. चाक सतत फिरते, तिथवर तार नेणार कशी? म्हणून ही बिनतारी सोय. गाडी उभी असली की डबी झोपी जाते, म्हणजे बॅटरी वाचते. म्हणूनच सकाळी गाडी सुरू केल्याबरोबर पडद्यावर आकड्यांऐवजी नुसत्या रेघा दिसतात आणि दोन-चार मिनिटे चालवल्यावर आकडे उमटतात. अनेकजण यालाच बिघाड समजून गाडी गॅरेजला नेतात.

दुसऱ्या तऱ्हेत चाकात काहीच नसते. ब्रेकच्या एबीएस यंत्रणेसाठी प्रत्येक चाकापाशी वेग मोजणारा सेन्सर असतोच. हवा कमी झाली की चाकाचा घेर किंचित घटतो आणि ते इतरांपेक्षा थोडे जास्त फिरते. गाडीचा संगणक त्या फरकावरून ओळखतो. यात पडद्यावर पौंडांचे आकडे येत नाहीत, आणि हवा भरल्यावर संगणकाला ‘आता इथून मोज’ असे बटण दाबून सांगावे लागते. ते बटण दाबायचे राहून गेले की दिवा उगाचच त्रास देत राहतो.

ही कल्पना तशी जुनी. पोर्शे कंपनीच्या ९५९ या गाडीत १९८६ सालीच अशी यंत्रणा होती. पण तेव्हा ती श्रीमंतांची चैन. तिला सामान्य माणसाच्या गाडीत आणले ते अपघातांनी. अमेरिकेत फायरस्टोन कंपनीचे टायर धावत्या गाड्यांवर फाटून अनेक माणसे दगावली. ऑगस्ट २००० मध्ये कंपनीला सुमारे ६५ लाख टायर परत मागवावे लागले आणि त्याच वर्षी तिथे नवा कायदा झाला. सप्टेंबर २००७ पासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीत हा दिवा सक्तीचा झाला. युरोपने २०१४ पर्यंत तेच केले. आपल्याकडे जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल केला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, पंक्चर काढण्याचा संच आणि ही यंत्रणा असेल, तर स्टेपनी ठेवण्याची सक्ती उरली नाही. म्हणजे जिच्यात स्टेपनीच नाही, अशी गाडी आता रस्त्यावर येऊ शकते. तिच्या मालकाने तर हा दिवा वाचायला शिकायलाच हवे.

आकडा खरा, चाक भलतेच

काकांनी मला पहिला प्रश्न विचारला, “पंक्चरवाल्याने दोन पौंड हवा भरली, त्यानंतर पडद्यावर कोणता आकडा बदलला?”

मी आठवून पाहिले. गाडी पुन्हा सुरू झाल्यावर पुढच्या डाव्या चाकाचा आकडा ३३ चा ३५ झालेला मी पाहिला होता. टायर तापला असेल म्हणून सोडून दिला.

“हवा भरली मागच्या डाव्या चाकात आणि आकडा वाढला पुढच्या डाव्याचा! अहो, गाडी तुम्हाला ओरडून सांगत होती की तिला चाकांची नावे चुकीची ठाऊक आहेत.”

मग उलगडा झाला. दोन महिन्यांपूर्वी सर्व्हिसिंगला टायरची अदलाबदल केली होती. टायर सारखे झिजावेत म्हणून ती करतात आणि करायलाही हवी. पुढची चाके सरळ मागे गेली होती, आणि मागची तिरकी पुढे आली होती. मागचे डावे पुढे उजवीकडे, मागचे उजवे पुढे डावीकडे. प्रत्येक डबीला स्वतःचा क्रमांक असतो आणि ‘या क्रमांकाची डबी मागे डावीकडे’ अशी नोंद गाडीच्या संगणकात असते. काही गाड्या ही नोंद चालता चालता आपणच दुरुस्त करतात, आमची करत नाही. वर्कशॉपने चाके हलवली आणि नोंद तशीच ठेवली. पोस्टमनच्या यादीत भाडेकरूंचे जुनेच पत्ते राहावेत, तसे झाले. पत्र खरे होते, दार मात्र भलतेच.

खात्री करून घ्यायला काकांनी साधा प्रयोग केला. पुढच्या डाव्या चाकातून चार पौंड हवा सोडली आणि आम्ही सेक्टरला एक चक्कर मारली. पडद्यावर मागच्या उजव्या चाकाचा आकडा २९ झाला. यासाठी कसलेही यंत्र लागत नाही, हवा मोजायचे चांगले गेज तेवढे लागते. टायरची अदलाबदल केली की हा प्रयोग प्रत्येकाने घरी करून पाहावा, असे मी आता भेटेल त्याला सांगते.

या साध्या परीक्षेचा विचार ना पंक्चरवाल्याने केला, ना आम्ही. मला पंक्चरवाल्याचा राग येत नाही. त्याच्या गेजने त्याला खरेच सांगितले होते. बाकीची तीन चाके तपासायला आम्ही त्याला सांगितले नाही, ही चूक आमची. एका चाकाचा दिवा लागला तरी चारही चाके मोजायची.

थंडीतला दुसरा पाहुणा

नोंद दुरुस्त झाली, नवा टायर बसला, आणि आम्ही निर्धास्त झालो. जानेवारी उजाडला तो दुसरे दुखणे घेऊन. दिल्लीची थंडी आपल्याकडच्यांना सांगून कळत नाही. पहाटे पाच-सहा अंश, वर धुके. अशा एका सकाळी हे ऑफिसला निघाले, तेव्हा तोच दिवा लागला. पण या वेळी तो आधी मिनिटभर लुकलुकला आणि मग स्थिर झाला. मागच्या उजव्या चाकापुढे नुसत्या रेघा. दुपारी घरी येताना दिवा गायब, आकडा हजर. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

दिव्याच्या या दोन बोली ओळखता आल्या पाहिजेत. दिवा लागून स्थिर राहिला, तर हवा कमी आहे. आधी मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर झाला, तर हवेबद्दल तो काहीच सांगत नाही, यंत्रणाच आजारी आहे असे तो सांगतो. बहुतेक गाड्यांत हाच संकेत असतो, तरी आपल्या गाडीचे पुस्तक एकदा उघडून पाहावे. किल्ली फिरवल्यावर हा दिवा दोन-तीन सेकंद लागून विझतो, ती त्याची स्वतःची हजेरी. तेव्हा लागलाच नाही, तर दिवाच गेलेला आहे. जुनी गाडी विकत घेताना ही हजेरी अवश्य पाहा. कटकट नको म्हणून दिवाच बंद करून टाकणारे महाभाग असतात.

वर्कशॉपने कागद हाती दिला: चारही सेन्सर आणि शिवाय संदेश पकडणारा रिसीव्हर बदला. खर्च वीस हजारांच्या घरात. यांनी तो कागद काकांपुढे ठेवला.

काका म्हणाले, “आधी सांगा, गप्प कोण आहे? एकटे एक चाक, की चारही?”

बिघाड शोधण्याची निम्मी विद्या या एका प्रश्नात आहे. चारही चाके एकदम मुकी झाली, तर चार बॅटऱ्या एकाच सकाळी मरत नाहीत. दोष ऐकणाऱ्याकडे आहे. फ्यूज उडाला असेल, रिसीव्हरची जोडणी सुटली असेल, उंदराने तार कुरतडली असेल (एनसीआरमधल्या सोसायट्यांच्या तळघरांत हा प्रकार नवा नाही), नाहीतर आसपास कुणी गोंगाट करत असेल. तीन चाके नीट बोलत असतील, तर रिसीव्हरचा कान शाबूत आहे आणि दोष त्या एका चाकात आहे. आमचे तीन आकडे रोज सकाळी बिनचूक येत होते. मग रिसीव्हर बदलायचा कशासाठी?

तरीही काकांचा पहिला अंदाज चुकला, हेही लिहायला हवे. त्यांना शंका आली ती आमच्या डॅशकॅमच्या स्वस्त चार्जरची. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये लावलेले असले चार्जर स्वतःच रेडिओ लहरींचा गोंगाट करतात, आणि बाजारात कोणी मोठमोठ्याने बोलत असावे तसे चाकाचे बारीक बोलणे त्यात बुडून जाते. लांबचे चाक आधी ऐकू येईनासे होते. दोन दिवस चार्जर काढून ठेवला. काहीच फरक पडला नाही. (आमच्याच इमारतीतल्या एका गाडीत मात्र चारही आकडे जायचे, ते चार्जर काढताच परत आले. तेव्हा ही परीक्षा फुकटची आहे आणि पहिल्यांदा करण्यासारखी आहे.)

मग त्यांनी थंडीचा धागा धरला. बॅटरी म्हातारी झाली की थंडीत तिची ताकद आणखी घटते. उन्हाने किंवा चालण्याने चाक गरम झाले की ती पुन्हा तग धरते. सकाळी मुकी, दुपारी बोलकी, हे म्हाताऱ्या बॅटरीचे लक्षण. या बॅटऱ्या साधारण पाच ते दहा वर्षे टिकतात. आमची गाडी सात वर्षांची. डबी आतून लाखबंद केलेली असते, नुसती बॅटरी बदलता येत नाही, पूर्ण डबीच बदलावी लागते.

खात्री करायला आम्ही एका टायरवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे हातात धरायचे एक यंत्र होते. ते व्हॉल्व्हजवळ धरले की १२५ किलोहर्ट्झची हाक देऊन झोपलेल्या डबीला उठवते, आणि डबी आपला क्रमांक, दाब, तापमान आणि बॅटरीची अवस्था सांगते. तिघींनी ताबडतोब उत्तर दिले. चौथीने तिसऱ्या हाकेला, आणि ‘बॅटरी कमी’ असे. एक डबी बदलली, तिचा क्रमांक गाडीत नोंदवून घेतला. खर्च वर्कशॉपच्या अंदाजाच्या पाचव्या हिश्शाहून कमी.

पण वर्कशॉपला अगदी खोट्यात काढणेही बरे नव्हे. उरलेल्या तीन डब्याही सातच वर्षांच्या आहेत, त्या वर्ष-दोन वर्षांत जाणार. काकांचा सल्ला असा की टायर बदलायची वेळ आली की तेव्हाच त्याही बदलून टाकाव्या, कारण टायर रिमवरून उतरवण्याची मजुरी तेव्हा द्यावीच लागते. रिसीव्हरचे मात्र काहीच समर्थन नव्हते.

तारेचा दोष असेल तर

दुसऱ्या तऱ्हेच्या, म्हणजे एबीएसवर चालणाऱ्या यंत्रणेत दोष बहुतेक तारेतच सापडतो. टायरच्या दिव्यासोबत एबीएसचाही दिवा लागला, तर हवा मोजून झाल्यावर आधी चाकामागची तार पाहायची. मिंटो ब्रिजखाली किंवा गुरुग्रामच्या एखाद्या अंडरपासमध्ये गाडी पाण्यातून काढली की जोडणीत पाणी शिरते आणि महिन्या-दोन महिन्यांनी तिथे हिरवट गंज चढतो. जोडणी काढून स्वच्छ करणे एवढेच पुष्कळदा पुरते. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. मल्टिमीटरवर त्याचा रोध साधारण हजार ते अडीच हजार ओहम दिसतो. अनंत दिसला तर तार तुटली आहे, आणि शून्याजवळ दिसला तर ती आतल्या आत चिकटली आहे. नव्या पद्धतीच्या सेन्सरला ही परीक्षा लागू नाही, तिथे ओहम मोजायला जाऊ नये.

स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते. मेकॅनिक तिथे स्कॅनर लावून दोषाचा संकेतांक वाचतो. ‘सी’ने सुरू होणारा संकेतांक चाक-ब्रेकच्या घराण्याचा, ‘यू’ने सुरू होणारा संगणकांमधल्या बोलाचालीचा. बोलाचालीचा दोष निघाला, तर काका बॅटरीची तार काढून सहा आणि चौदा नंबरच्या पिनांमधला रोध मोजतात. तिथे ६० ओहम हवेत, कारण या तारजोडीच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे दोन रोधक असतात. १२० दिसले तर एक टोक सुटले आहे. हे मात्र आपण घरी करण्याचे काम नव्हे. मी नुसती पाहत होते. मेकॅनिकला “संकेतांक कोणता आला?” एवढे विचारता आले तरी तो उगाच चार वस्तू बदलायला सांगत नाही, असा माझा अनुभव.

थोडे हवेबद्दल, थोडे पंक्चरवाल्याबद्दल

हिवाळ्यात दिवा लागला की दर वेळी बिघाडच असतो असे नाही. थंडीने हवा आकसते. सप्टेंबरातल्या दुपारी ३५ अंशांत ३३ पौंड भरलेली हवा जानेवारीच्या पहाटे ५ अंशांत साडेअठ्ठावीसच्या आसपास येते, कुठेही गळती नसताना. त्यात टायर महिन्याला पौंडभर हवा आपोआप गमावतो. चार महिने गेज लावले नाही की आकडा पंचविसाच्या खाली जातो आणि दिवा लागतो. दिवा साधारणपणे दाब पाव हिश्शाने उतरल्यावरच लागतो, म्हणजे तो लागेपर्यंत खूप हवा गेलेली असते. हवा नेहमी सकाळी, टायर थंड असताना मोजावी. लांबून आल्यावर मोजली की तापलेल्या टायरचा चार-पाच पौंड जास्त आकडा येतो आणि माणूस उगाच हवा सोडतो.

पंक्चरवाल्याला टायर रिमवरून उतरवण्याआधी सांगावे, की आत सेन्सर आहे, व्हॉल्व्हजवळ पहार घालू नकोस. डबीचा प्लास्टिकचा कान तुटला की ती गेलीच. टायरमध्ये पंक्चररोधक चिकट द्रव ओतला, तर डबीचे दाब मोजायचे भोक बुजू शकते. व्हॉल्व्ह अॅल्युमिनियमचा असेल, तर आतली पिन आणि वरचे टोपण साध्या पितळेचे घालू नये. दोन धातू ओल्यात एकत्र आले की गंजून एकमेकांना धरतात आणि टोपण काढताना व्हॉल्व्हच तुटतो. प्लास्टिकचे टोपण उत्तम.

यांनी आता गाडीत पाचशे रुपयांचे एक गेज ठेवले आहे. सासूबाई माघी गणपतीला पुन्हा आल्या होत्या, तेव्हा गाडीत बसण्याआधी त्या स्वतः चारही चाकांभोवती फिरून आल्या. आमच्या स्टेपनीत सेन्सर नाही. ती लावली की दिवा लुकलुकतो, ते ठीकच. पण तिची हवा कोणीच कळवत नाही, ती महिन्यातून एकदा हाताने मोजावी लागते. ते काम सध्या आमच्या कन्येकडे आहे, आणि फेब्रुवारीत तिने मोजली तेव्हा स्टेपनीत १९ पौंड हवा निघाली.